तोंडातलं दुखणं ओळखायचं कसं: आरसा, टॉर्च आणि तारीख

माझ्या जिभेच्या डाव्या कडेला एक जखम झाली होती. तिच्यावर दोन प्रकारची जेल चोपडून झाली, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांची आख्खी पट्टी संपली, मिठाच्या गुळण्या तर रोजच्याच. जखम मात्र जागची हलेना. शेवटी दंतवैद्यांकडे गेलो तेव्हा त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "कधीपासून आहे?" मी बेधडक म्हणालो, "झाले असतील पंधरा दिवस." मग फोनमध्ये जुना फोटो सापडला, त्यावरची तारीख पाहिली, तर नऊ आठवडे उलटून गेले होते!

निघालं काय, तर मागच्या दाढेतलं फिलिंग एका कोपऱ्यात तुटलं होतं आणि ती धार जिभेला रोज थोडी थोडी कापत होती. डॉक्टरबाईंनी हातमोजा घातलेल्या बोटानं जखम चाचपली, दाढेची कड घासून गुळगुळीत केली आणि म्हणाल्या, "दोन आठवड्यांनी दाखवायला या. तोवर भरली नाही तर तुकडा काढून तपासू." अकराव्या दिवशी जखम नाहीशी झाली.

मी डॉक्टर नाही. पण त्या नऊ आठवड्यांत केलेल्या चुका आणि त्यानंतर विचारून-वाचून कळलेलं, असं दोन्ही इथे क्रमानं मांडतो. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो: तोंडात दुखण्यावर जाऊ नका, दिवस मोजा. जीव नकोसा करणारे फोड बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत आपसूक जातात, आणि खरी काळजी करण्याजोगी गोष्ट सुरुवातीला अजिबात न दुखता बसून असते.

आधी हे: पुढचं वाचत न बसता निघायचं कधी

- जबड्याखाली किंवा जिभेखाली सूज आहे, गिळताना-श्वास घेताना अडतंय, लाळ गळतेय, आवाज बदललाय. दाताचा संसर्ग मानेत उतरल्याची ही खूण असू शकते. अशा वेळी दवाखान्याची वेळ बघू नका, थेट तातडीच्या विभागात जा.
- गालाची सूज डोळ्याकडे चढतेय, सोबत ताप आहे.
- औषध घेतल्यावर किंवा काही खाल्ल्यावर ओठ-जीभ अचानक सुजली.
- दात काढलेल्या जागी गॉज घट्ट चावून अर्धा तास झाला तरी रक्त थांबत नाही.
- पडून-आपटून पक्का दात मुळासकट बाहेर आला. दात पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर दुधात हलकेच बुडवून काढा, जमल्यास जागेवर बसवून स्वच्छ कापड चावून धरा. जमत नसेल तर दुधात ठेवून तसेच निघा. पहिला अर्धा तास सोन्याचा असतो, एका तासानंतर आशा झपाट्यानं कमी होते. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

## १. सामान गोळा करा

आरसा, टॉर्च, गाल बाजूला करायला चमचा, जीभ धरायला गॉज किंवा स्वच्छ सुती कापड, आणि फोन. बस एवढंच. न्हाणीघरातल्या पिवळ्या दिव्याखाली मात्र बघू नका. त्या उजेडात लाल आणि गुलाबी यांतला फरकच कळत नाही. खिडकीशी उभं राहा किंवा पांढऱ्या उजेडाची टॉर्च घ्या. कवळी असेल तर आधी काढून ठेवा. कवळीखालची लाली वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही, ती याच कारणानं.

## २. धडधाकट तोंड एकदा नीट बघून ठेवा

ही पायरी सगळे गाळतात. आपलं तोंड आपण कधी नीट पाहिलेलंच नसतं, मग दुखायला लागल्यावर पहिल्यांदा आत डोकावतो आणि जे दिसेल त्याला रोग समजतो. मी स्वतः जिभेच्या पार मागे गोल गोल उंचवटे पाहून एक रात्र जागून काढली आहे. ते चवीचे उंचवटे, आठ-बारा असतात, इंग्रजी व्ही अक्षरासारखे रांगेत बसलेले, आणि प्रत्येकाच्या जिभेवर असतात.

घाबरायचं कारण नसलेल्या आणखी काही गोष्टी: गालाच्या आतून, दात जिथे मिटतात त्या रेषेत जाणारी पांढरी रेघ. गालात किंवा ओठाच्या आतल्या बाजूला मोहरीहून बारीक पिवळसर दाणे, त्या तेलग्रंथी असतात. टाळूच्या मध्यभागी किंवा खालच्या दातांच्या आतल्या बाजूला हाडाचा टणक, वर्षानुवर्षं तेवढाच राहिलेला उंचवटा. आणि जिभेवर नकाशासारखे लाल चट्टे, कडेला पांढरी किनार, आज इथे तर चार दिवसांनी तिथे. या 'नकाशा जिभे'ला थोडी जळजळ सोडली तर काही होत नाही, उपचारही लागत नाही.

बघण्याचा क्रम ठरवून घ्या म्हणजे काही राहत नाही: ओठ उलटून आतली बाजू, दोन्ही गाल, वरच्या-खालच्या हिरड्या, टाळू. मग जिभेचं टोक कापडात धरून आधी उजवीकडे, मग डावीकडे ओढायचं आणि पार मागपर्यंत कडा बघायच्या. शेवटी जीभ टाळूला लावून तिच्याखालची जमीन. जिभेच्या कडा आणि तिच्याखालची जागा, या दोन ठिकाणी तोंडाचा कर्करोग बऱ्याचदा सुरू होतो आणि आपण हमखास त्याच बघायच्या टाळतो. सगळं झालं की जबड्याखाली आणि मानेवर दोन्ही हातांनी चाचपून गाठ लागते का पाहा.

## ३. काही सापडलं तर चार गोष्टी लिहा

कुठे आहे. कधीपासून आहे. पुसलं तर निघतं का. दुखतं का.

सोबत फोटो काढा, शेजारी मोजपट्टी किंवा निदान कापसाची काडी धरून, म्हणजे आकार वाढला की कमी झाला ते पुढे कळतं. दर चार दिवसांनी त्याच उजेडात पुन्हा एक फोटो घ्या. "मध्यंतरी जरा बरं वाटलं होतं" हे वाक्य स्वतःची समजूत घालण्यापुरतंच असतं, फोटोची तारीख तसलं काही ऐकून घेत नाही.

## ४. आता ओळख पटवा

तोंड येणं. सगळ्यात नेहमीचं. पिवळट-पांढरा तळ, भोवती लालभडक कडं, आकार साधारण तीळ ते मसुरीएवढा. ओठाची आतली बाजू, गाल, जिभेखाली अशा मऊ, हलणाऱ्या भागांवर येतं. झोंबतं खूप, पण ७ ते १४ दिवसांत व्रण न ठेवता भरतं. एक सेंटिमीटरहून मोठं असेल तर त्याला आठवडेच्या आठवडे लागतात आणि मागे खूणही राहते, तेव्हा ते दाखवायलाच हवं.

कारण प्रत्येकाचं वेगळं: गाल चावला जाणं, ताण, जागरण, लोह-बी १२-फोलेटची कमतरता, कधी पोटाचा आजार, कधी चालू असलेलं एखादं औषध. संधिवातावर देतात ती मेथोट्रेक्सेट आणि छातीच्या दुखण्यावरची निकोरँडिल ही दोन त्यात ठळक. काहींना टूथपेस्टमधलं फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट सोसत नाही, त्यांनी ते नसलेली पेस्ट महिनाभर वापरून पाहावी.

इथला सापळा म्हणजे मी केली तीच चूक: वारंवार तोंड येतं म्हणून आपल्याच मनानं बी-कॉम्प्लेक्स सुरू करणं. त्यानंतर रक्त तपासलं तर बी १२ आकड्यात ठीकठाक दिसतं आणि मूळ कमतरता झाकली जाते. आधी तपासणी, मग गोळ्या.

ओठाच्या कडेचे फोड. आधी मुंग्या येतात, जळजळतं, मग पाण्याच्या बारीक फोडांचा झुपका उठतो, फुटतो, खपली धरते. हा हर्पीसचा विषाणू. ७ ते १० दिवसांत जातो, पुन्हा पुन्हा तिथेच येतो. असिक्लोव्हिरचं मलम मुंग्या येत असतानाच लावलं तर काही उपयोग, खपली धरल्यावर लावून फारसा फरक पडत नाही. फोड असताना बाळाचा पापा घेऊ नका, आणि फोडाला लागलेलं बोट डोळ्याला नको. लहान मुलाला तोंडभर फोड, लाल सुजलेल्या हिरड्या आणि ताप असेल तर खरी भीती अंगातलं पाणी कमी होण्याची असते. मूल पाणी घेत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

पांढरं. गॉजनं हलकेच पुसा. साईसारखं निघून आलं आणि खाली लाल, किंचित रक्ताळलेली त्वचा दिसली तर बहुधा बुरशी. तान्ही बाळं, मधुमेही, प्रतिजैविकं घेऊन उठलेली माणसं आणि दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप वापरणारे यांच्यात ही नेहमी दिसते. पंप ओढल्यावर दर वेळी चूळ भरून थुंकलं तर बराचसा प्रश्न तिथेच मिटतो. रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांच्या टाळूवर हीच बुरशी पांढरी न दिसता लाल दिसते. तोंडाला बुरशीविरोधी औषध लागतंच, पण कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवली नाही तर ती परत येते.

पुसून न निघणारा पांढरा चट्टा ही निराळीच भानगड. ते ल्युकोप्लाकिया असू शकतं, म्हणजे पुढे कर्करोगात बदलण्याची शक्यता असलेला चट्टा. सगळेच बदलत नाहीत, पण कुठला बदलेल हे आरशात बघून कळत नाही. मखमलीसारखा लाल चट्टा तर पांढऱ्याहून जास्त धोक्याचा. दोन्ही गालांत जाळीदार पांढऱ्या रेघा असतील तर तो बहुधा लायकेन प्लॅनस, म्हणजे तोंडाच्या आतल्या त्वचेचा दीर्घकाळ रेंगाळणारा एक आजार. तोही दाखवून, निदान पक्कं करून घ्यायचं आणि नंतर त्यावर नजर ठेवायची.

तोंड कमी उघडणं. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घाला. जात नसतील आणि दाढदुखी वगैरे दुसरं काही नसेल, तर सुपारी खाणाऱ्याला मी एवढंच म्हणेन की आजच थांबवा आणि दाखवा. सुपारीनं गालाची त्वचा आतून दोरीसारखी कडक होत जाते, जळजळ वाढते आणि गेलेला मऊपणा पूर्ण परत येत नाही. हीसुद्धा कर्करोगाआधीची अवस्था मानतात.

जीभ गुळगुळीत, लाल, जळजळती. लोह किंवा बी १२ कमी असल्याची शक्यता. रक्त तपासा.

## ५. दात आणि हिरड्या: इथे दुखणं खोटं बोलतं

थंड लागलं की सणक जाते आणि दोन-चार सेकंदांत विरते, तोवर दात वाचवणं सोपं असतं. कीड साफ करून फिलिंग भागतं. थंड-गरम लागल्यावर ठणका कितीतरी वेळ टिकतो, रात्री आडवं झाल्यावर वाढतो, कुठला दात तेच सांगता येत नाही, म्हणजे आतली नस सुजली आहे. आता रूट कॅनॉल किंवा दात काढणं, यापलीकडे फारसं काही उरत नाही.

आणि मग एक दिवस ठणका थांबतो. लोक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि घेतलेली वेळ रद्द करतात. पण बहुतेकदा नस मेलेली असते म्हणून दुखत नाही. संसर्ग मुळाच्या टोकाशी शांतपणे हाड खात बसतो आणि काही महिन्यांनी हिरडीवर पुवाची पुटकुळी किंवा गालावर सूज होऊन बाहेर येतो.

हिरड्यांचं तर दुखतच नाही. घासताना ब्रश गुलाबी होतो, झालं. नवखा माणूस इथे नेमकं उलटं करतो: रक्त येतं म्हणून ती जागा घासायची सोडतो. रक्त येतं ते तिथे थर साचला म्हणून. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो या संशोधकानं निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि सफाई पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. म्हणून मऊ ब्रशनं, हिरडीच्या कडेवर तिरका धरून, दोन आठवडे नेटानं घासून बघा. तरीही रक्त येत असेल तर थराचं किटण झालंय, ते ब्रशनं निघत नाही.

"दात साफ करून घेतले की फटी पडतात, दात हलायला लागतात" हे तुम्हाला हमखास कुणीतरी सांगेल. फटी किटणानंच पाडलेल्या असतात, ते निघाल्यावर दिसतात एवढंच. दात आणि हिरडी यांच्यामधली खाच १ ते ३ मिलिमीटर असते. ४ आणि त्यापुढे गेली की हाड झिजू लागल्याची शंका घ्यायची. तपासताना हे आकडे मुद्दाम विचारून लिहून घ्या. धूम्रपान करणाऱ्यांनी आणखी सावध राहावं, कारण त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, आजार आत वाढत राहतो. आणि मधुमेह असेल तर हिरड्या बिघडल्यानं साखर वर जाते, साखर वर गेल्यानं हिरड्या बिघडतात. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं सांगा.

## ६. घरी काय चालतं, काय नाही

चालतं: पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या. तिखट, आंबट, कढत टाळणं. पॅरासिटामॉल, मोठ्या माणसाला दिवसात जास्तीत जास्त ४ ग्रॅम, आणि यकृताचा त्रास असेल तर विचारूनच. सूज असेल तर गालावर बाहेरून थंड पट्टी.

चालत नाही:

- दुखऱ्या दाताशी अॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवणं. हिरडी अक्षरशः भाजते, पांढरी पडते, आणि डॉक्टरांना एकाऐवजी दोन आजार बघावे लागतात. लवंगेचं तेल बोळ्यानं भसाभस ओतलं तरी तेच होतं.
- घरात उरलेली प्रतिजैविकं. नसेचा ठणका त्यांनी जात नाही, आणि पुवाला वाट करून दिल्याशिवाय तो बसत नाही.
- कुणाला तरी लागू पडलेलं स्टिरॉइडचं जेल. तोंड आलं असेल तर बरं वाटतं, पण बुरशी असेल तर फोफावते, हर्पीस असेल तर पसरतो.
- दोन वर्षांखालच्या बाळाच्या हिरड्यांना बेन्झोकेन असलेलं बधिर करणारं जेल. रक्तातल्या प्राणवायूवर परिणाम होऊ शकतो.
- क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश महिनोन्महिने. दोन आठवडे ठीक, पुढे दात तपकिरी होतात, चव बदलते. आणि तो दात घासल्या घासल्या लगेच नाही, अर्ध्या तासानं.

## ७. वाट किती बघायची

कारण दिसतंय (गाल चावला, भाजलं, फिलिंग टोचतंय) तर कारण दूर करून दोन आठवडे. कारण दिसत नाही तरीही दोनच आठवडे. त्यापुढे टिकलेली जखम, चट्टा किंवा गाठ दाखवलीच पाहिजे, मग ती दुखो वा न दुखो. जखमेची कड बोटाला कडक लागते, दात कारणाशिवाय हलतोय, खालचा ओठ बधिर झालाय, एकाच बाजूच्या कानात कळ जाते, मानेत न दुखणारी गाठ आहे, यांपैकी काही असेल तर तेवढंही थांबू नका. तंबाखू किंवा मद्य असेल तर धोका वाढतो, दोन्ही असतील तर आणखीच. पण "मला कसलंच व्यसन नाही" या भरवशावरही कुणी राहू नये.

## ८. जाताना सोबत काय न्यायचं

- तारखांसकट फोटो आणि तुमची चार प्रश्नांची टिपणं.
- चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, नावं पाठ नसतात म्हणून थेट पट्ट्याच. रक्त पातळ करणारी आणि हाडं ठिसूळ झाल्यावर देतात ती औषधं आवर्जून सांगा. दात काढायचाय म्हणून रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका.
- जुने एक्स-रे, अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट, साखरेचे आकडे.
- औषधाची अॅलर्जी, हृदयाची झडप बदललेली असणं, गरोदरपण, हे कागदावर लिहून. खुर्चीत तोंड उघडं असताना आठवून काही उपयोग नसतो.
- कवळी, ती टोचते म्हणून घरी ठेवली असली तरी.

सुरुवात दंतवैद्यांपासून करा, फक्त दात दुखत असेल तरच त्यांच्याकडे जायचं असतं असं नाही. गरज पडली तर ते तोंडाच्या रोगांच्या तज्ज्ञांकडे किंवा मुखशल्यचिकित्सकांकडे पाठवतात. तपासणीत त्यांनी जखमेला फक्त लांबून टॉर्च मारली आणि जेल लिहून दिलं, तर "हाताला कशी लागते, बघता का?" असं नम्रपणे विचारा. फेरतपासणीची तारीख घेतल्याशिवाय उठू नका.

तुकडा काढून तपासायचं ठरलं तर पोटात गोळा येतो, मलाही नुसत्या शब्दानं आला होता. प्रत्यक्षात भूल देऊन काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, एखाद-दुसरा टाका पडतो, जागा आठवड्या-दोन आठवड्यांत भरते. तुकडा काढल्यानं आजार पसरतो अशी भीती घालणारे भेटतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. रिपोर्ट कधी आणि कुणाकडून मिळणार ते त्याच दिवशी विचारून ठेवा, आणि तो हातात आल्यावर एक प्रत स्वतःजवळ राहू द्या. पुढे कधी त्याच जागी पुन्हा काही उगवलं, तर नव्या डॉक्टरांना सगळ्यात आधी तोच कागद लागतो.